सोलापूरचं ऊन आणि पन्नाशीचा चेहरा: सुरुवात कुठून करायची

आज अंघोळीनंतर खिडकीशी उभ्या राहा. एका हाताचा दंड उचलून त्याची आतली, ब्लाउजच्या बाहीआड राहणारी कातडी बघा. मग त्याच हाताची मनगटाची पाठ बघा. आतली कातडी मऊ, एका रंगाची, जवळजवळ सुरकुतीविना असेल. मनगटावर बारीक रेघा, ठिपके, काळपटपणा दिसेल. दोन्हीकडे वर्षं सारखीच लोटली आहेत. मधला फरक उन्हाने केलेला आहे, आणि चेहऱ्यावर आपण ज्याला 'वय' म्हणतो त्यातला मोठा भाग हाच असतो.

मला हे पंचेचाळिशीत एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी असाच हात वर करायला लावून दाखवलं. तोवर मी पार्लर, लेप, घरगुती उपाय यांवर बराच पैसा आणि वेळ घालवला होता. आज बावन्नाव्या वर्षी मी जे करते ते सगळं मिळून दिवसाची दहा मिनिटं घेतं. तेच इथे क्रमाने सांगते. पन्नाशीची बाई तिशीची दिसेल असं मी म्हणणार नाही. पण कातडी ओढल्यासारखी वाटत नाही, रंग एकसारखा राहतो, पाठ ताठ राहते, आणि गर्दीत भेटलेली जुनी मैत्रीण "बरी आहेस ना गं?" असं काळजीने विचारत नाही, एवढं नक्की साधतं.

आधी शरीरात काय चाललंय ते

आपल्याकडे बहुतेक बायकांची पाळी ४५ ते ५० च्या दरम्यान जाते. त्याच्या आधीची चार-पाच वर्षं इस्ट्रोजेन वरखाली होत उतरत जातं. त्वचेला भरीवपणा देणारं कोलॅजन, ओलावा धरून ठेवणारी द्रव्यं आणि नैसर्गिक तेल, हे सगळं काही अंशी या संप्रेरकावर अवलंबून असतं. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या ५ वर्षांत त्वचेतलं कोलॅजन साधारण ३० टक्क्यांपर्यंत घटू शकतं. म्हणून "गेल्या दोन वर्षांतच चेहरा एकदम उतरला" असं कितीतरी जणी म्हणतात. त्यांचा तो भास नसतो.

त्यात आपण राहतो सोलापुरात. पर्जन्यछायेचा कोरडा प्रदेश, एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर, थंडीत ओठ फोडणारी कोरडी हवा, आणि बोअरचं पाणी असं की बादलीला पांढरा थर धरतो. पुण्या-मुंबईच्या बाईसाठी लिहिलेले सल्ले इथे जसेच्या तसे चालत नाहीत.

पहिलं काम: नुकसान करणाऱ्या गोष्टी बंद करा

नवीन काही विकत घेण्याआधी कपाटातल्या ट्यूब बाहेर काढा आणि त्यांवरची बारीक अक्षरं वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादं नाव दिसलं तर ती स्टेरॉईडची ट्यूब आहे. डॉक्टरांनी ठरावीक आजारासाठी, ठरावीक दिवसांसाठी दिली असेल तर ते औषध आहे. गोरेपणासाठी महिनोन्‌महिने लावाल तर तेच औषध कातडी पातळ करतं.

हे मी स्वतः भोगलं आहे. त्रेचाळिशीत गालांवर वांग आला. एका दुकानात विचारलं, त्यांनी एक ट्यूब हातात ठेवली. पंधरा दिवसांत गाल उजळले, म्हणून आठ महिने लावत राहिले. मग उन्हात पाच मिनिटं गेलं तरी चेहरा लाल होऊन जळायला लागला, गालांवर बारीक लाल शिरा दिसायला लागल्या, हनुवटीवर लव वाढली, आणि ट्यूब थांबवली की दुप्पट पुरळ. त्यातून बाहेर यायला जवळजवळ वर्ष गेलं, आणि वांग होता तिथेच राहिला. म्हणून हात जोडून सांगते, अशी ट्यूब लावत असाल तर ती त्वचारोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने थांबवा. बरेच दिवस वापरल्यावर एकदम बंद केली तर चेहरा उसळतो, आणि घाबरून बाई परत तीच लावते.

ज्यांवर घटकांची यादीच नाही किंवा जी कुठे बनली ते कळत नाही अशी गोरं करणारी क्रीमंही टाकून द्या. अशा काही क्रीमांमध्ये पारा सापडलेला आहे, आणि पारा त्वचेतून शरीरात जाऊन मूत्रपिंडाला इजा करतो.

लिंबाची फोड चेहऱ्यावर चोळणं बंद. लिंबाचा रस लागलेल्या कातडीवर ऊन पडलं की भाजल्यासारखे चट्टे उठतात आणि पुढे काळे डाग राहतात. खाण्याचा सोडा, टूथपेस्ट, अक्रोडाच्या सालीचा खरखरीत स्क्रब हेही नको. बेसन आणि चिमूटभर हळद सणावाराला लावायला माझी काही हरकत नाही, फक्त वाळल्यावर खरडून काढू नका, पाण्याने भिजवून उतरवा.

ऊन: सगळ्यात जास्त लक्ष इथे

एक साधी खूण लक्षात ठेवा. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तर अतिनील किरण तीव्र आहेत. सोलापुरात मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात एक दिवस असा येतो की दुपारी साडेबाराच्या आधी-मागे सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. त्या दिवसांत सकाळी नऊ-साडेनऊपासूनच सावली आखूड व्हायला लागते. नवी पेठेतली खरेदी, बँक, लाइटबिल ही कामं सावली लांब असताना उरकायची सवय लावा. ही सवय फुकट आहे आणि कुठल्याही क्रीमपेक्षा जास्त काम करते.

दुसरं कापड. आपल्याकडच्या मुली स्कूटीवर स्कार्फ बांधतात, सनकोट घालतात, ते अगदी योग्य आहे. पण उन्हाळ्यात बांधलेली पातळ जाळीदार ओढणी दिव्यासमोर धरून बघा. उजेड जितका आरपार येतो तितकं ऊनही येतं. घट्ट विणीचं सुती कापड घ्या, गडद रंगाचं असेल तर आणखी चांगलं. कपाळ आणि डोळ्यांभोवतीचा भाग उघडाच राहतो, तिथे गॉगल आणि सनस्क्रीन. हँडलवरचे हात सगळ्यात आधी म्हातारे दिसतात, त्यामुळे हातमोजे घाला. चालत जाणार असाल तर छत्री. उन्हात छत्री उघडायला आपल्याकडे बायका उगाच लाजतात. माझ्या आजीच्या हातात काळी छत्री बारा महिने असायची आणि ऐंशीव्या वर्षीही तिचे गाल बघण्यासारखे होते.

तिसरं सनस्क्रीन. एसपीएफ ३० किंवा ५०, आणि पाकिटावर पीए समोर किमान तीन अधिक चिन्हं. एसपीएफ ३० हे जळवणाऱ्या यूव्हीबी किरणांपैकी सुमारे ९७ टक्के अडवतं, ५० सुमारे ९८ टक्के. म्हणजे ५० आणि १०० च्या आकड्यांत पैसे घालवण्यापेक्षा पुरेसं लावण्यात फायदा आहे. सुरकुत्या आणणारे यूव्हीए किरण अडवण्याचं माप पीएमध्ये कळतं.

पुरेसं म्हणजे किती? तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींच्या टोकापासून मुळापर्यंत एकेक सरळ रेघ. एवढं चेहरा आणि मानेला लागतं. वाटाण्याएवढं लावलं तर डब्यावरचं संरक्षण मिळतच नाही. ताळा घ्यायचा असेल तर, रोज एकदा लावून ५० ग्रॅमची ट्यूब दीड-दोन महिन्यांत संपायला हवी. ती सहा महिने पुरत असेल तर नुसता सुगंध लावताय. कान, मानेची मागची बाजू, ब्लाउजच्या गळ्यातून दिसणारा भाग आणि हातांची पाठ विसरू नका. बाहेर पडण्याआधी १५-२० मिनिटं लावा. बाहेरच राहणार असाल तर दर दोन तासांनी पुन्हा, आणि आधी घाम सुती रुमालाने टिपून. आपल्या उकाड्यात जाड क्रीमपेक्षा जेल बरं वाटतं.

"मी तर घरातच असते" असं म्हणणाऱ्यांसाठी: साध्या काचेतून यूव्हीए आत येतो. विडी घरकुलात उंबऱ्याशी सूप मांडीवर घेऊन दिवसभर विड्या वळणाऱ्या बायकांच्या चेहऱ्यावर अंगणातलं परावर्तित ऊन सतत पडत असतं. बसायची जागा उंबऱ्यापासून चार हात आत घेतली तरी फरक पडतो.

वांग असेल तर एक जास्तीची गोष्ट. वांगाला डोळ्यांना दिसणारा उजेडसुद्धा गडद करतो आणि साधं सनस्क्रीन तो अडवत नाही. त्यासाठी आयर्न ऑक्साईड असलेलं, किंचित मातकट रंगाचं, म्हणजे टिंटेड सनस्क्रीन घ्यावं. चुलीची आणि भट्टीची धगही वांग वाढवते. वांग पूर्ण जाण्याची हमी कुणी देत असेल तर तिथे पैसे भरू नका. तो ताब्यात राहतो, हे मी नऊ वर्षं बघते आहे.

धुणं आणि ओलावा

त्वचेचा स्वभाव किंचित आम्लधर्मी असतो, पीएच ५ च्या आसपास. अंगाच्या साबणवडीचा ९-१० असतो. जड पाण्यात हा साबण नीट निघत नाही, क्षारांसह त्याचा चिकट थर कातडीवर बसतो आणि खाज सुटते. बंबाचं कढत पाणी उरलंसुरलं तेल काढून नेतं. तेव्हा चेहऱ्याला साबण बंद, सौम्य फेसवॉश, तोही रात्री एकदा. सकाळी नुसतं पाणी पुरतं. अंगाला साबण काखा, जांघा, पाय एवढ्यालाच. पाणी कोमट. बोअरचं पाणी फार क्षारयुक्त असेल तर चेहऱ्यावर शेवटचे दोन तांबे नळाच्या किंवा पिण्याच्या पाण्याचे घ्या. नळाला रोज पाणी येत नाही हे सोलापूरकरणीला सांगायला नको, पण दोन तांबे निघतात.

यानंतरची तीन मिनिटं महत्त्वाची. टॉवेलने टिपल्यावर कातडी दमट असतानाच मॉइश्चरायझर लावायचं. घटकांत ग्लिसरीन आणि सिरॅमाइड किंवा पेट्रोलियम जेली दिसली की झालं, महाग असण्याची गरज नाही. आपल्या कोरड्या हवेत नुसतं ग्लिसरीन लावून थांबू नका, वरून त्याला झाकणारं काहीतरी हवं. अंगाला खोबरेल तेल चालतं. चेहऱ्यावर पुरळ येणारी कातडी असेल तर खोबरेल चेहऱ्याला नको.

गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या आसपास, डिसेंबर-जानेवारीत, टाचा फुटतात. रात्री दहा मिनिटं पाय कोमट पाण्यात, मग १० ते २० टक्के युरिया असलेलं क्रीम, वरून व्हॅसलिनचं बोट आणि सुती मोजे. आठवडाभरात भाकरी थापताना पदराला अडकणाऱ्या टाचा मऊ होतात. मधुमेह असेल तर टाचा ब्लेडने कधीही कापू नका.

रात्रीचं एकच औषध

बारीक रेघा आणि खडबडीतपणावर सर्वांत जास्त पुरावा असलेला वर्ग रेटिनॉइडचा, म्हणजे 'अ' जीवनसत्त्वाच्या जातीतल्या औषधांचा. त्यात दुकानात सहज मिळणारं रेटिनॉल सौम्य, डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं ट्रेटिनॉइन जोरकस. गरोदर असाल, दिवस राहावेत असं वाटत असेल किंवा अंगावर पाजत असाल तर हे वापरायचं नाही.

सुरुवातीसाठी मी जुलै-ऑगस्ट सुचवते. हवा दमट असते, ऊन मवाळ असतं. उन्हाळ्यात किंवा संक्रांतीच्या कोरड्या थंडीत सुरू केलं की सालपटं निघतात आणि बायका आठवड्यात सोडून देतात. रात्री चेहरा धुवा, पूर्ण कोरडा होऊ द्या, आधी मॉइश्चरायझरचा पातळ हात द्या. मग वाटाण्याएवढं औषध कपाळ, दोन्ही गाल आणि हनुवटीवर ठिपक्यांनी ठेवून पसरवा. पापण्या, नाकपुड्यांच्या कडा, ओठांचे कोपरे सोडा. वरून पुन्हा मॉइश्चरायझर. पहिला महिना आठवड्यातून दोन रात्री, दुसरा महिना एक दिवसाआड, सोसलं तर मग रोज. थोडं सालपट निघणं चालतं. आग होऊन कातडी लाल राहिली तर चार दिवस थांबा. फरक दिसायला तीन ते सहा महिने लागतात, आणि सकाळी सनस्क्रीन नसेल तर हे लावण्यात अर्थ नाही.

सकाळचं व्हिटॅमिन सी सीरम परवडत असेल तर घ्या, नसेल तर काही अडत नाही. आपल्या उन्हाळ्यात बाटली फ्रिजमध्ये ठेवा, द्रव तपकिरी झाला की टाका.

टिकली आणि केसांचा रंग

चिकट टिकलीच्या डिंकातल्या रसायनाने काही जणींच्या कपाळावर खाज येते, काहींच्या कपाळावर बरोबर टिकलीच्या जागी पांढरा डाग पडतो. डाग दिसला की टिकली त्या दिवसापासून बंद, आणि डॉक्टरांना दाखवा. काळ्या डायमध्ये आणि 'काळी मेंदी' म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच पुड्यांत पीपीडी नावाचं रसायन असतं, त्याची काहींना ॲलर्जी येते. कानामागे थोडासा लावून ४८ तास वाट बघा. एकदा खाज-सूज आली असेल तर पुढच्या वेळी जास्त येते, "या खेपेला बघू" असं करू नका.

ताटात काय

इथे आपण नशीबवान आहोत. साठ किलोच्या बाईला दिवसाला सुमारे ५० ग्रॅम प्रथिनं लागतात. मालदांडी ज्वारीच्या तीन भाकरी म्हणजे १६-१८ ग्रॅम. दोन वाट्या घट्ट डाळ, बारा-तेरा. मूठभर शेंगदाणे, सात-आठ. वाटीभर दही, पाच. मटकीची उसळ किंवा एक अंडं, सहा. झाले पन्नास, आणि यात बाजारातली एकही पावडर नाही. पण घरात सगळ्यांचं वाढून झाल्यावर अर्धी कडक भाकरी, तेलात कालवलेली चटणी आणि चहा यांवर भागवलं तर हा हिशेब बसत नाही. डाळ तळाची पातळ उरेपर्यंत थांबू नका, आपली वाटी आधी काढून ठेवा.

चहा जेवणासोबत नको, तासाभराचं अंतर ठेवा. चहातल्या टॅनिनमुळे लोह कमी शोषलं जातं. शेंगाच्या चटणीसोबत कच्चा कांदा, लिंबू, पेरू, डाळिंब असं काहीतरी रोज ताजं खा. गोड पेयं आणि बेकरीचे पदार्थ कमी करा. मानेवर मखमलीसारखा काळा जाड पट्टा येत असेल तर तो मळ नसतो. घासून जात नाही. बहुतेक वेळा ती इन्सुलिन नीट काम करत नसल्याची खूण असते आणि साखर तपासायला हवी.

चाल आणि ताकद

लांबून बाईचं वय चेहऱ्यावरून कळत नाही, खांद्यावरून आणि चालीवरून कळतं. पाळी गेल्यावर हाडं आणि स्नायू दोन्ही झपाट्याने घटतात. कंबर तलावावर किंवा सिद्धेश्वर मंदिराच्या बाजूला पहाटे चालणाऱ्या पुष्कळ बायका दिसतात, ते चांगलंच आहे. पण चालण्याने दंडाला ताकद येत नाही. आठवड्यातून दोन दिवस वजन उचला. एक लिटर पाण्याची बाटली दोन्ही हातांत घेऊन डोक्यावर नेणं, भिंतीला हात टेकून दंड काढणं, खुर्चीवरून हाताचा आधार न घेता दहा वेळा उठणं. दर दोन आठवड्यांनी थोडं वाढवा. गुडघा दुखत असेल तर खुर्ची उंच घ्या, पण बंद करू नका. चालायला पहाटे सातच्या आत निघा, म्हणजे उन्हाचा प्रश्नही मिटतो.

झोप, मशेरी आणि तपासण्या

रात्री अंगातून वाफा निघून जाग येत असेल तर सुती गाऊन, पातळ सुती चादर, खिडकीशी पंखा, आणि संध्याकाळी सहानंतर चहा बंद. तरीही महिनाभर झोप मोडत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा, त्यावर उपचार आहेत. "या वयात व्हायचंच" म्हणून वर्षानुवर्षं सोसू नका.

मशेरी लावणाऱ्या बहिणींना मनापासून सांगते, ती भाजलेली तंबाखूच आहे. तिच्याने हिरड्या सुटतात, दात पडून गाल बसतात, आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका आहेच. तोंडात पांढरा चट्टा किंवा तीन आठवड्यांत न भरणारी जखम असेल तर लगेच दाखवा.

थकवा, केस गळणं, चेहरा फिका किंवा सुजट दिसणं यांवर क्रीम लावण्याआधी रक्त तपासा: हिमोग्लोबिन, थायरॉईड, साखर, बी १२ आणि डी जीवनसत्त्व. शाकाहारी घरात बी १२ ची कमतरता फार आढळते. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा कधीही रक्त दिसलं, थेंबभर का होईना, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. एखादा तीळ आकार, रंग बदलत असेल किंवा त्यातून रक्त येत असेल तरी तेच.

कधी काय दिसेल

सगळं एकाच दिवशी सुरू करू नका, चेहरा चिडला तर कशाने चिडला ते कळणार नाही. पहिले दोन आठवडे फक्त साबण बंद, मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन. ओढल्यासारखं वाटणं आठवड्यात थांबेल. काळपटपणा दोन-तीन महिन्यांत थोडा निवळेल. रेटिनॉइडचा हिशेब वर दिला आहे. ताकदीचा फरक सहा-आठ आठवड्यांत पाण्याची घागर उचलताना कळतो.

रोज आरशात बघून काही समजत नाही. संक्रांतीला, गड्ड्यावर जायला तयार व्हायच्या आधी, सकाळी एका ठरावीक खिडकीशी, पावडर-लाली न लावता फोनवर एक फोटो काढून ठेवा. हाताच्या पाठीचाही काढा. पुढच्या संक्रांतीला तीच खिडकी, तीच वेळ, आणि दोन्ही फोटो शेजारी ठेवून बघा.